पिल्लू किती दिवसांचं होतं?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी जवळजवळ दोन महिने मी जे शोधत होते, ते तिथे नव्हतंच. हृदयाच्या स्नायूपेशीची पुस्तकातली आकृती डोक्यात पक्की बसली होती: विटेसारखी लांबट पेशी, आडवे पट्टे, आणि बाहेरचं आवरण ठरावीक अंतरावर आत शिरून झालेल्या बारीक नळ्या, म्हणजे टी-ट्यूब्यूल. रॅटच्या पिल्लांच्या पेशी सुट्या केल्या, आवरण रंगवणारा डाय घातला, कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली ठेवल्या. कडा लखलखीत, आत नुसता अंधार. डाय बदलला, लेझर वाढवला, मायक्रोस्कोपला शिव्या घातल्या. शेवटी लॅबमधल्या एका सीनियर ताईने स्क्रीनकडे बघून विचारलं, "अगं, पिल्लू किती दिवसांचं होतं?"

दोन दिवसांचं.

रॅट आणि उंदराच्या हृदयपेशीत जन्मतः टी-ट्यूब्यूल जवळपास नसतातच. दुसऱ्या आठवड्यात आवरण आत शिरायला लागतं, तेही वेडंवाकडं, बरंचसं पेशीच्या लांबीच्या दिशेने. आडव्या, शिस्तशीर रांगा दिसायला तिसरा-चौथा आठवडा उजाडतो. एवढा उशीर चालतो कसा? कारण नवजात पेशी बारीक असते. तंतू आखडायला लागणारं कॅल्शियम बाहेरून येऊन मधल्या तंतूंपर्यंत सहज पोचतं. पेशी जाड झाली की ते परवडत नाही, कडेचे तंतू आधी आखडतील आणि मधले मागे राहतील. मग नळ्यांमधून संदेश आतवर न्यायचा आणि पेशीतल्या साठ्यातूनच कॅल्शियम सोडायचं, ही व्यवस्था उभी राहते. नळी आणि साठा यांच्यातली फट 12-15 नॅनोमीटरची, आणि ती जंक्टोफिलिन-2 नावाचं प्रथिन धरून ठेवतं. एक वर्षाखालच्या बाळांना शिरेतून व्हेरापामिल (पेशीत शिरणारं कॅल्शियम अडवणारं औषध) देणं डॉक्टर टाळतात. त्यांचं हृदय बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर जास्त विसंबून असतं, हे त्यामागचं एक कारण मानतात. मला हा विषय खरा कळला तो या माहितीमुळे, आकृतीमुळे नव्हे.

मात्र रॅटचं वेळापत्रक सगळ्यांना लावू नका. मेंढीत या नळ्या जन्माआधीच तयार व्हायला लागतात. उलट, शेजारच्या पेशींना जोडणारं कनेक्सिन-43 हे प्रथिन जन्माच्या वेळी पेशीभर विखुरलेलं असतं, ते हळूहळू दोन टोकांना गोळा होतं, आणि माणसात हे काम काही वर्षं चालतं. त्यामुळे पेपर वाचताना मी आता आधी प्राणी आणि वय शोधते, निष्कर्ष नंतर.

आता हाताच्या कामाचं. नवजात पेशी गोलसर असतात, त्यात काही बिघडलेलं नाही. मोठ्या रॅटच्या पेशी मात्र काठीसारख्या हव्यात. गोल झालेली पेशी मेलेली किंवा मरणारी. पेशी सुट्या करायला मोठं हृदय लँगेनडॉर्फ पद्धतीने, महाधमनीतून उलटं एन्झाइमचं द्रावण सोडून पचवावं लागतं. पद्धत 1895 ची आहे, पण नळीत हवेचा एक बुडबुडा गेला की अख्खी सकाळ वाया. माझ्या पहिल्या बऱ्याच सकाळी अशाच गेल्या. नवजात पेशी लावताना आधी तास-दीड तास साध्या प्लेटमध्ये ठेवा, फायब्रोब्लास्ट, म्हणजे आपल्याला नको असलेल्या जोडऊतीच्या पेशी, तिथेच चिकटून बसतात. आणि प्रौढ पेशी डिशमध्ये दिवसेंदिवस ठेवून टी-ट्यूब्यूल मोजू नका, त्या नळ्या तिथे विरत जातात.

प्राणी-नीतिमत्ता समितीच्या अर्जात प्रत्येक वयाची पिल्लं वेगळी मोजून लिहा. एका वेतातली आठ पिल्लं म्हणजे आठ स्वतंत्र नमुने नव्हेत, हे मला परीक्षकाने ऐकवलं, तुम्हाला मी आधीच सांगते. जन्माचा दिवस शून्य धरायचा की एक, हे लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. आमच्याकडे दोघं दोन पद्धतींनी मोजत होतो आणि आलेखात एक दिवसाचा घोळ महिनाभर कुणाच्या लक्षात आला नाही.

सुट्ट्यांचं काही खरं नसतं. मी कालनिर्णयवरच वेतांच्या तारखा लिहिते. मागच्या वर्षी नरकचतुर्दशीला पहाटे सात पिल्लं झाली, म्हणजे प्रयोगासाठीचा चौदावा दिवस तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. आईला फोन करून सांगितलं, यंदा मंगलाष्टकं माझ्याशिवाय उरका.