धनेशाच्या ढोलीपाशी या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की विचारणा सुरू होते : "ढोली कुठे आहे सांगा ना, एक फोटो काढून लगेच निघतो." देवरुख असो, तिलारी असो की गोव्यातलं मोले, दर हंगामात चुका त्याच होतात, फक्त माणसं बदलतात.

आधी ढोलीत काय चाललेलं असतं ते समजून घ्या. महाधनेशाची (ग्रेट हॉर्नबिल, आपल्याकडचा सगळ्यात मोठा धनेश) मादी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत ढोलीत शिरते आणि स्वतःची विष्ठा व फळांचा चोथा लिंपून तोंड बुजवून घेते. चोच बाहेर येईल एवढी उभी फट तेवढी उरते. त्या फटीतून तिला, आणि पुढे पिल्लाला, नर भरवतो. हे जवळपास चार महिने चालतं. नर गळ्यात फळं भरून आणतो आणि एकेक वर काढून आत देतो. आतल्या जिवांचं पोट या एका पक्ष्याच्या फेऱ्यांवर असतं.

म्हणून सगळ्यात मोठी चूक म्हणजे ढोलीच्या जवळ जाऊन बसणं. तुम्ही बसलात तरी मादी कुठेच जात नाही, त्यामुळे 'पक्ष्याला काही त्रास नाही' असं वाटतं. त्रास नराला होतो. तो थेट ढोलीवर येत नाही. आधी लांबच्या उंच फांदीवर बसतो, मान वळवून चौफेर बघतो, खात्री पटली तरच पुढे येतो. खाली माणूस दिसला तर भरल्या गळ्यानिशी तिथेच बसून राहतो.

सिंधुदुर्गातल्या एका देवराईच्या कडेला जुना बेहडा आहे. कितीतरी वर्षं त्याच्यात महाधनेशाचं घरटं होत होतं. एका एप्रिलमध्ये शहरातून फोटोग्राफरांचा एक गट आला. फटीसमोर वेल आड येते म्हणून त्यांनी वाडीतल्या एका पोराला पैसे देऊन ती छाटून घेतली, एक फांदीही उतरवली, आणि झाडापासून हाकेच्या अंतरावर कॅमेऱ्यांच्या तिकाटण्या मांडल्या. मी पोचलो तेव्हा नर समोरच्या उतारावरच्या झाडावर होता. त्याच्या पंखांचा तो वाफेच्या इंजिनासारखा आवाज दोनदा जवळ आला आणि दोनदा परत फिरला. त्यांना मागे सरायला सांगितलं, तर उत्तर आलं, "काका, एवढ्या लांबून आलोय, एक फ्रेम मिळाली की झालं." ती फ्रेम त्यांना मिळाली नाही. ऊन कलल्यावर ते गेले, त्यानंतर बऱ्याच वेळाने नर फटीशी आला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. पिल्लू त्या वर्षी बाहेर पडलं, पण पुढच्या हंगामात ती ढोली रिकामी राहिली. वेलीचा आडोसा गेल्यावर ते तोंड साऱ्या रानाला उघडं पडलं होतं.

माझी सवय सांगतो. महाधनेशाच्या ढोलीच्या पन्नास-साठ मीटर आत मी जात नाही. उजाडायच्या आत पोचतो, झाडीत पाठ टेकून बसतो आणि पहिली फेरी होईपर्यंत कॅमेरा पिशवीतच ठेवतो. नर फांदीवर अडून बसला की मी उठतो, मग कितीही लांबून आलेलो असो. नवशिक्यांना ही शिस्त कंटाळवाणी वाटते. पहिल्याच हंगामात घरट्याचा फोटो हवा, ही घाई मला अजिबात मान्य नाही. वड, उंबर, नांद्रुक कुठे पिकलाय ते गावात विचारा आणि त्या झाडाखाली बसा. धनेश तिथे आपणहून येतात, हरियल आणि कुटुरगेही येतात, आणि कुणाची उपासमार होत नाही.

दुसरी चूक चांगल्या मनाने होते, म्हणून जास्त घातक. "मादी आत अडकलीय, सोडवूया" म्हणत कोयत्याने लिंपण फोडायला निघालेली मुलं मी थांबवली आहेत. ती अडकलेली नसते. आत असतानाच तिची उड्डाणाची पिसं गळून नवी येतात, त्यामुळे मधेच बाहेर काढलं तर तिला उडताही येत नाही. वेळ आली की ती स्वतः चोचीने लिंपण फोडते. आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरट्याला उपद्रव देणं 'शिकार' याच व्याख्येत येतं, हे मुलांना शांतपणे सांगा.

मोबाईलवर आवाज वाजवून नराला बोलावू नका. फ्लॅश नको. फोटो टाकताना गावाचं नाव नको, आणि फोटोत आपोआप नोंदलं जाणारं ठिकाणही बंद करा.

आता माझ्या डोक्यात कायम सलणारी गोष्ट. धनेशाच्या कार्यक्रमाच्या फलकावर टूकानचं चित्र! रिसॉर्टच्या पाट्यांवर तेच, शाळेच्या भिंतीवर तेच. टूकान मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या रानातला पक्षी, आपल्याकडे तो नाहीच. फळं खाणारी मोठी चोच दोघांना स्वतंत्रपणे मिळाली, नातं जवळचं नाही. टूकानचे जवळचे नातलग म्हणजे तांबट आणि कुटुरगा यांचं कुळ, धनेशाचा जवळचा नातलग हुप्प्या. टूकानच्या चोचीवर धनेशासारखं शिंग नसतं, त्याची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. तोही ढोलीत अंडी घालतो, पण मादी स्वतःला कोंडून घेत नाही, नर-मादी दोघं आळीपाळीने उबवतात. त्याच्या चोचीचं आणखी एक काम 2009 मध्ये टोको टूकान या जातीवरच्या अभ्यासात दिसलं : चोचीतला रक्तप्रवाह कमी-जास्त करून तो शरीरातली उष्णता बाहेर टाकतो. विलक्षण पक्षी आहे, त्याच्यावर जरूर लिहा, पण धनेशाच्या जागी त्याला बसवू नका. ते चित्र बघून वाढलेल्या मुलाला परसातल्या उंबरावरचा खरा धनेश ओळखता येत नाही. चित्रासाठी नमुना हवा असेल तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं बोधचिन्ह बघा. कारवारहून आलेला विल्यम नावाचा महाधनेश 1894 ते 1920 सोसायटीच्या मुंबईतल्या कार्यालयात होता, त्याच्यावरूनच ते घडलं.

शेवटची चूक पक्षीनिरीक्षकांचीच. झाड पडलं की "आपण शंभर रोपं लावू" म्हणतात. लावा, पण धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. त्याला जुन्या, जाड बुंध्याच्या झाडात आयती ढोली लागते, आणि ती तयार व्हायला कित्येक दशकं जातात. कोकणातलं बरंच रान खासगी मालकीचं आहे. तेव्हा पक्ष्याशी जेवढी ओळख वाढवता तेवढी जमीनमालकाशीही वाढवा. पावसाळा सरला की लाकडाचा व्यापारी वाडीत फिरू लागतो. त्याच्या आधी मालकाच्या ओटीवर जाऊन बसा, त्यांच्याच रानात उडणाऱ्या धनेशाचा एक मोठा छापील फोटो त्यांना द्या, आणि ढोलीचं झाड राखायला किती पैसे लागतील हे स्पष्ट विचारा.