लिलावाआधी पलटणसाठी भांडायचं कसं

सोलापूरला प्रो कबड्डीत स्वतःचा संघ नाही, म्हणून आमच्याकडे भांडणाला तीन तोंडं आहेत. पूर्व भागातली तेलुगू घरं तेलुगू टायटन्सची, विजापूर रोडकडची कन्नड बोलणारी पोरं बेंगळुरू बुल्सची, आणि उरलेले आम्ही पुणेरी पलटणचे. खेळाडूंचा लिलाव जवळ आला की कन्ना चौकात रविवारी सकाळी चहाच्या गाडीवर तिन्ही पार्ट्या जमतात. मग जो मोठ्यानं ओरडेल त्याचा खेळाडू संघात! मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, त्यामुळे कुणी "ह्याला घ्याच" म्हटलं की माझं पहिलं विचारणं असतं, कुठल्या पैशातून? सगळं भांडण ह्या एका प्रश्नावर उभं करायचं. कसं, ते सांगतो.

आधी कागद घ्या. मोबाईल नको, कागदच. वहीचं आडवं पान पुरतं. त्यावर मैदानातल्या सात जागा मांडा: डावा कॉर्नर, उजवा कॉर्नर (दोन टोकांचे पकडवाले), दोन कव्हर (त्यांच्या आतल्या बाजूचे पकडवाले), आणि तीन रेडर, म्हणजे चढाई करणारे. तिसरा रेडर अष्टपैलू असेल तर त्याच्या नावाखाली रेघ मारा, कारण पकडीतही तो एक जागा भरून काढतो. आता संघानं लिलावाआधीच मागच्या हंगामातून राखलेल्या खेळाडूंची नावं आपापल्या जागी पेन्सिलीनं लिहा. जिथं नाव येत नाही तिथं भोक. लिलाव ही भोकं बुजवायला असतो, आवडते खेळाडू गोळा करायला नाही. हे एवढं मान्य झालं की निम्मा आरडाओरडा जागेवर बसतो.

कागदाच्या उजव्या कडेला पैसे. अलीकडच्या हंगामांत प्रत्येक संघाला 5 कोटींची मर्यादा असते आणि राखलेल्यांचे पैसेही त्यातूनच जातात. खेळाडूंचे चार गट: ए गटाची बोली 30 लाखांपासून सुरू होते, बी 20, सी 13 आणि डी 9 लाखांपासून. संघात किमान अठरा जण लागतात. म्हणजे एकावर दीड-दोन कोटी उडवले तर बाकीच्यांना किती उरतात, हे चहा येईपर्यंत निघतं. हे आकडे नेहमी खिशात ठेवा.

आता नियम. कट्ट्यावर कुणीही नाव घेतलं की त्यानं त्याच दमात तीन गोष्टी सांगायच्या: कोणत्या जागी, कितीपर्यंत, आणि तेवढे पैसे गेल्यावर कोणती जागा स्वस्तात भागवायची. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर नाव कागदावर चढत नाही. आमच्यात हा नियम मोडणारा त्या फेरीच्या चहाचे पैसे देतो. पैशाच्या पैजा मात्र लावू नका, त्यात मैत्री जाते आणि मुद्दाही.

उदाहरणं जुनी घ्यावीत, कारण जुन्याचा निकाल लागलेला असतो. सगळ्यात कामाचा 2023चा लिलाव. त्यात टायटन्सनी पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतलं. 5 कोटींतले निम्म्याहून जास्त एकट्यावर. पवन रेडर म्हणून भारीच, त्याबद्दल वाद नाही. त्या हंगामात त्यानं रेडचे दोनशेवर गुण घेतले. पण मागं पकड करायला कोण? टायटन्स 22 सामन्यांत 2 जिंकून शेवटच्या नंबरावर राहिले. आमचे अण्णा, चादरीच्या धंद्यातले, पक्के टायटन्सवाले, ह्यावर अजूनही म्हणतात, "पवन नसता तर ते दोन पण हरलो असतो की बे!" खोटं नाही ते. पण ह्यातून पवन चांगला होता एवढंच ठरतं, सौदा चांगला होता असं नाही. ह्या दोन गोष्टी वेगळ्या करता येणं म्हणजे अर्धं भांडण जिंकणं.

आता त्याच लिलावात पलटणनं काय केलं बघा. आदल्या हंगामात, 2022च्या अंतिम सामन्यात, आपण जयपूरकडून 33-29 हरलो होतो. तेव्हा डाव्या कॉर्नरला फजल अत्राचली होता, तो गेला. कागदावर भोक एकच, पण मोठं. रेडिंगला अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, कव्हरला अभिनेश नदराजन, ही पोरं आधीच घरात. म्हणून मोहम्मदरेझा शादलूवर 2 कोटी 35 लाख घालता आले. डाव्या कॉर्नरच्या जागी डावा कॉर्नर. त्या हंगामात त्यानं पकडीचे 99 गुण घेतले आणि 1 मार्च 2024ला हरियाणा स्टीलर्सला 28-25 हरवून पलटणनं पहिल्यांदा चषक उचलला. म्हणजे एकाच लिलावात दोन अवाढव्य बोल्या लागल्या, एकीनं संघ उभा राहिला, दुसरीनं वाकला. "महागडा खेळाडू घेऊच नये" असं कुणी शहाणपणानं म्हणाला तर त्याच्यापुढं शादलू ठेवा. "पैसा ओतला की चषक" म्हणाला तर पवन ठेवा. दोघंही गप्प बसले की कागद पुढं सरकवा.

शादलूचं पुढचंही सांगून टाकतो, कारण बुल्सवाले हमखास विचारतात. पुढच्या लिलावात हरियाणानं त्याला 2 कोटी 7 लाखांना नेलं आणि चषकही तिकडेच गेला. त्रास झाला. असो.

कॉर्नरला एवढे पैसे का, हे नुसत्या आकड्यांनी पटत नाही, ते दाखवावं लागतं. मॅच बघताना पाच मिनिटं रेडरकडे बघायचंच नाही, फक्त डाव्या कॉर्नरकडे बघायचं. मैदानात सहा-सात पकडवाले असले की रेडरला बोनसचा जादा गुण मिळू शकतो. त्यासाठी तो एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकतो आणि त्या क्षणी मागचा पाय उचललेला असतो. तेवढ्या अर्ध्या सेकंदात कॉर्नर घोट्याला हात घालतो. कच्चा कॉर्नर रेडरच्या हाताकडे बघून आधीच झेपावतो आणि फसतो. मुरलेला कॉर्नर कमरेकडे बघतो, कारण हात फसवतो, खांदा फसवतो, कमर फसवत नाही. हे मला आमच्या मामांनी दाखवलं. तरुणपणी पेठेतल्या मंडळाकडून खेळलेले, गुडघा अजून दुखतो. मामांशी वाद घालताना "तुम्ही जुन्या काळातले" असं चुकूनही म्हणू नका. "मामा, हा पोरगा वेळेच्या आधी उडी मारतोय ना?" असं विचारा. पुढचा मुद्दा ते स्वतःच मांडतील, आणि तुमच्या बाजूनं मांडतील.

आकडे वाचताना घाई करू नये. एकूण रेड गुण सगळ्यांना पाठ असतात. ते बाजूला ठेवा. त्यातले बोनस किती आणि पकडवाल्याला शिवून काढलेले किती, ते बघा. मग डू ऑर डायमधलं यश. लागोपाठ दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. संघाचा तिसरा रेडर बहुतेक वेळा ह्याच कामाला असतो, त्याचे एकूण गुण कमी दिसतात आणि कट्ट्यावर त्याचं नाव कुणी घेत नाही. ते नाव तुम्ही घ्या. पकडवाल्याचं बघताना यशस्वी पकडी मोजता तशा फसलेल्याही मोजा. समोर तीन किंवा कमी जण उरलेले असताना केलेली पकड सुपर टॅकल होते आणि एक गुण जास्त मिळतो. अशा वेळी डोकं शांत ठेवणारा कव्हर बी गटातही सापडतो.

नावाला भुलणाऱ्यांसाठी परदीप नरवाल. रेडचे 1801 गुण, पाटण्याकडून एकाच हंगामात 369. 2021ला त्याच्यावर 1 कोटी 65 लाखांची बोली लागली, तेव्हाचा विक्रम. 2024ला बुल्सनी 70 लाखांना घेतला आणि 2025च्या लिलावात त्याच्यासाठी हातच वर झाला नाही. पवनचंही तसंच, 2025ला तो 59 लाख 50 हजारांना तमिळ थलायवाजकडे गेला. कबड्डीत वय कमी असूनही गुडघे म्हातारे होतात. म्हणून खेळाडूचं नाव घेण्याआधी त्याचा फक्त मागचा हंगाम बघायचा, त्यातही शेवटचे काही सामने. डुबकीचे, म्हणजे पकडवाल्यांच्या हाताखालून वाकून निसटण्याचे, जुने व्हिडिओ दाखवून कुणी भावनिक झालं तर चहा पाजा, जागा देऊ नका.

एक बारीक कलम बरेच जण विसरतात: फायनल बिड मॅच. आपण सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्यानं शेवटची बोली लावली तरी तेवढेच पैसे देऊन त्याला परत घेता येतं. म्हणजे "सोडला, गेला" असं लगेच धरायचं नाही. उलट समोरचा संघ हा हक्क वापरणार असेल तर त्याच्या खेळाडूचा भाव चढवून त्याचे पैसे संपवायचे, हा डाव असतो. बुल्सवाल्यांना हे आवडत नाही. सांगा मात्र जरूर.

लिलावाच्या आदल्या रात्री कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाका. दुसऱ्या दिवशी सगळेच "मी तेच म्हणत होतो" म्हणतात, तेव्हा फोटो लागतो. पहिल्या दिवशी मोठी नावं जातात, गडबड असते, दुकानं सोडून लोक बघतात. दुसऱ्या दिवशी सी आणि डी गट निघतात तेव्हा निम्मे उठून जातात. तुम्ही बसा. ज्या जागेसमोर तुमच्या कागदावर अजून नाव नाही, तिथं 9 किंवा 13 लाखांना कोण येतोय ते टिपून घ्या. तो पोरगा कुठल्या बाजूनं रेड करतो, बदली कॉर्नर म्हणून उभा राहू शकतो का, हे त्याच रात्री बघून ठेवा. पुढच्या रविवारी अण्णा टायटन्सच्या नव्या स्टारचं नाव घेऊन येणार, त्यांच्यापुढं ठेवायला काहीतरी हवं.