दहा मिनिटांचा दमछाक व्यायाम फसतो कुठे? या चुका टाळा

"वेळ नाही म्हणून रोज दहाच मिनिटं करतो, पण फरक काही पडत नाही," असं कुणी म्हणालं की मी आधी एवढंच विचारतो, शेवटच्या फेरीत बोलता येतं का? आरामात पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर गडबड तिथेच आहे. दोन-चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावं लागलं पाहिजे. वेळ कमी केला की जोर वाढवावा लागतो. आपण वेळ तेवढा कमी करतो आणि जोर आहे तिथेच ठेवतो.

यात 'ताबाता'चं नाव फार वापरलं जातं. २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती, चार मिनिटांत काम फत्ते! पण जपानी संशोधक इझुमी ताबाता यांच्या १९९६ च्या प्रयोगातली तरुण मुलं आधी वॉर्मअप करून मग स्थिर सायकल अशी दामटायची, की सात-आठ फेऱ्यांत पाय फिरेनासे व्हायचे. टीव्हीकडे बघत चार मिनिटं बैठका मारणं वाईट नाही, पण तो ताबाता नव्हे.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. उत्साहाच्या भरात रोज सुरू केलं. दहाव्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला. जोरकस व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून, एवढा पुरतो. रोज केला की थकलेलं अंग आपोआप अंगचोरपणा करतं, आणि मग रोजच अर्धवट व्यायाम होतो.

गुडघ्यांचं म्हणाल तर कान उघडे ठेवा. उडी मारून खाली आल्यावर 'धप्' असा आवाज आला, तर तो सगळा भार सांध्यांवर आदळलेला असतो. पायाचे चवडे आधी टेकवून, गुडघे किंचित वाकवून उतरलं की आवाज जवळजवळ नाहीसा होतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीत तो परत यायला लागला, तर उड्या तिथेच बंद. बर्पीत, म्हणजे खाली वाकून हात टेकून पाय मागे न्यायचे आणि परत उभं राहायचं या प्रकारात, उडी मारून पाय मागे फेकण्याऐवजी एकेक पाय मागे न्या. वेग ठेवलात तर दम तरीही लागतोच.

घाईत पहिला बळी वॉर्मअपचा जातो. तीन मिनिटं जागेवर चालणं, खांदे फिरवणं, चार सावकाश बैठका, एवढं तरी कराच.

वेळ खरा कुठे जातो, तर मोबाइलवर 'आज कुठला व्हिडिओ लावू' हे ठरवण्यात. त्यात दहा मिनिटं गेली की व्यायाम उद्यावर. त्यापेक्षा बैठका, जोर आणि जागेवर गुडघे उंच उचलून धावणं, असे तीनच प्रकार कागदावर लिहून भिंतीला चिकटवा आणि महिनाभर बदलू नका. कंटाळा येईल, येऊ द्या. वेळही घड्याळाशी बांधू नका, अंघोळीशी बांधा. मीटिंग पुढे-मागे होते, अंघोळ सहसा चुकत नाही. रात्री झोपण्याच्या तोंडावर मात्र नको, धडधड शांत व्हायला वेळ लागतो.

आता हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला ७५ ते १५० मिनिटं जोरकस किंवा १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हवा. तीन दिवस दहा-दहा मिनिटं म्हणजे वॉर्मअपसकट फक्त ३० होतात. उरलेली भर झपाझप चालण्याने घालावी लागते. दिलासा एवढाच, की सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची ही जुनी अट याच शिफारशींत गेली. जिन्याचे दोन मजलेही हिशेबात येतात.

छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर 'एवढी फेरी संपवू' म्हणू नका, थांबा आणि डॉक्टरांकडे जा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा गरोदर असाल, तर सुरुवातच त्यांना विचारून करा.

आणि एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका. तो दिवस गेला, सोडून द्या.