जुनी मारुती ८०० घेताय? इंजिन शेवटी बघा

जुनी मारुती ८०० बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो. विकणाऱ्यालाही तेच हवं असतं, कारण आदल्या दिवशीच त्यानं इंजिन धुऊन, नवीन ऑइल घालून ठेवलेलं असतं. कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि काउंटरला मी बसते. गाडी घेऊन महिना झाला की कोण काय मागायला येतं, हे बघून माझं मत पक्कं झालंय. या गाडीचे आधी कागद बघायचे, मग पत्रा, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

कारण सांगते. ८०० मधलं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन एकट्या ८०० चं नव्हतं. ओम्नीलाही तेच होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. सुरुवातीच्या अल्टोचं इंजिनही त्याच घराण्यातलं. त्यामुळे गॅस्केट, रिंगा, वॉटर पंप, क्लच प्लेट, काहीही मागा, रॅकवरून काढून देते. बिघडलेलं इंजिन कोल्हापूरचे मिस्त्री डोळे झाकून बांधतात. पण फ्लोअर, रनिंग बोर्ड (दरवाज्यांखालची पट्टी), पुढचा एप्रन हे ८०० चे म्हणजे ८०० चेच. गाडी बनायची बंद झाली जानेवारी २०१४ मध्ये. सडलेला पत्रा बदलायचा म्हणजे डेंटरच्या हातापाया पडायचं, आणि त्याचं बिल कधीकधी गाडीच्या किमतीला जाऊन भिडतं.

कुठल्या सालची घ्यावी

पहिली ८०० दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते हरपाल सिंग यांना मिळाली. किंमत साधारण ४७,५०० रुपये. त्याआधी अँबेसिडर नाहीतर पद्मिनी, एवढीच काय ती निवड. सुझुकीशी करार झाला १९८२ मध्ये, आणि पुढच्या वर्षी नोंदणी उघडली तेव्हा लाखाच्या वर लोकांनी पैसे भरले. आमच्याकडे येणारे म्हातारे ग्राहक अजून सांगतात, 'आमचा नंबर लागला तेव्हा पोरगं शाळेत जायला लागलं होतं.' थोडं तिखटमीठ लावत असतील, पण वाट बघावी लागली हे खरं.

तो पहिला आकार, एसएस ८०, १९८६ पर्यंतच होता. ती हौसेची गाडी. तिचा टेल लॅम्प हवा असेल तर मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात चकरा मारायची तयारी ठेवा. रोज बाजारहाट आणि पोरांना क्लासला सोडायला घेणार असाल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

१९८६ ला आलेली दुसरी ८०० म्हणजे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची. १९९७ मध्ये तिचा चेहरा गोलसर केला. २००० च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी पद्धत, आली. मधे काही वर्षं पाच गिअरची, जास्त ताकदीची ८०० पण मिळायची. चांगली ठेवलेली सापडली तर सोडू नका, ती घाटात वेगळीच पळते. एप्रिल २०१० ला तेरा शहरांत बीएस-४ हा प्रदूषणाचा कडक नियम आला. मुंबई, पुणे आणि आपलं सोलापूर त्यात होतं. तिथं नवीन ८०० ची विक्री थांबली, बाकी ठिकाणी चालू राहिली. म्हणून शेवटच्या वर्षांतल्या गाड्या पुण्या-मुंबईपेक्षा कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं जास्त दिसतात.

माझा सल्ला विचाराल तर २००५ नंतरची, एमपीएफआय, एका मालकाची. कार्बोरेटरवाली वाईट नाही, पण तो सेट करणारे मिस्त्री आता म्हातारे झालेत आणि त्यांच्या पोरांना लॅपटॉप लावल्याशिवाय दोष दिसत नाही.

कागद

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागवून घ्या आणि सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाका. मालकाचं नाव अर्धंमुर्धं दिसतं, पण नोंदणीची तारीख आणि फिटनेस कधी संपतो ते कळतं. पंधरा वर्षं झाली की फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून पुन्हा नोंदणी करावी लागते आणि ती पाच-पाच वर्षांनी वाढते. एप्रिल २०२२ पासून याची फी ५,००० रुपये झाली. वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ च्या ऑगस्टपासून १०,०००. वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर. म्हणजे वीस वर्षांची गाडी कोणी 'चाळीस हजारात देतो' म्हणाला आणि नूतनीकरण बाकी असेल, तर हे सगळं त्या चाळिसातून वजा करून भाव बोला.

दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडं येतात. स्वस्त दिसतात. पण एनओसी, इथला टॅक्स, नवीन नंबर हे सगळं धरलं तर स्वस्ताई राहत नाही, आणि एजंट 'मी करून देतो' म्हणतो तेव्हा तो किती महिन्यांत ते सांगत नाही. मी तरी एमएच पासिंग सोडून बाहेर जाऊ नका म्हणेन.

आणखी एक प्रकार आमच्या भागात फार दिसतो. मूळ मालक वारलेले असतात, गाडी मुलगा विकत असतो आणि आरसीवर अजून वडीलच. अशा वेळी गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोणाची तरी सही मारून भागवू नका. आधी फॉर्म ३१ नं गाडी वारसाच्या नावावर होऊ द्या, मग पैसे द्या. भावाभावांत वाद असला तर गाडी कितीही चकाचक असू दे, उठून या. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच राहिलेला असतो, तोही बघा. कर्ज फिटलेलं असतं, पण बँकेचं पत्र आणून फॉर्म ३५ भरायचं कोणाच्या लक्षात राहिलेलं नसतं. गॅस किट असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि सीएनजीच्या टाकीची तीन वर्षांची चाचणी झालेली हवी. शेवटी बॉनेट उघडून इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला चासी नंबर आरसीशी आकडा-आकडा जुळवा. फोटोवर भागवू नका.

पत्रा

इथं वेळ घालवा. सोबत टॉर्च, रुमालात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक, एक स्क्रू ड्रायव्हर आणि अंगाखाली घालायला जुनं पोतं न्या. गाडी धुतलेली नको, कोरडी हवी, आणि संध्याकाळी नाही, दिवसाउजेडी.

आधी ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचला. मॅटखाली जाड लोकरीसारखा थर असतो, तोही उचला. तिथं हात लावून बघा. ओलसर लागला, कुबट वास आला, तर पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपतंय. आता पत्र्यावर अंगठा जोरानं दाबा. चांगला पत्रा टणक लागतो. सडलेला करकरतो, पापुद्रा सुटतो आणि अंगठ्याला तांबडी पूड लागते. वरून काळा डांबरी लेप नवाकोरा मारलेला दिसला तर आणखीच संशय घ्या. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका, आवाज बद्द आला तर खाली पत्रा कमी आणि लेप जास्त. हेच डिकीत स्टेपनी काढून करायचं. मग बॅटरीखालचा ट्रे, दरवाज्यांची खालची कड, चाकावरची कमान. शॉकॲब्सॉर्बर वर जिथं बोल्टनं बसतो ती गोल जागा सडली असेल तर पुढं काही बघू नका.

लोहचुंबक रनिंग बोर्डवरून आणि दरवाज्यांच्या खालून फिरवा. जिथं सुटतं तिथं पुट्टी भरली आहे. थोडीफार पुट्टी प्रत्येक जुन्या गाडीत असतेच, तिचं एवढं काही नाही. पण गाडी जॅकवर चढवतात त्या जागी पुट्टी नको. मालवणकडचे एक गुरुजी आमच्याकडे सीट कव्हर घ्यायला आले होते. गाडी लाल, नुकताच रंग मारलेला, आरशासारखी चमकत होती. आठ दिवसांनी पंक्चर झालं, जॅक लावला, तर गाडी जागची हलेना आणि जॅक पत्र्यातून वर आला. खारी हवा आणि त्यावर सुंदर रंग. एमएच ०७, ०८ च्या, म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या गाड्या घेऊच नका असं मी म्हणत नाही, पण तिथं पोत्यावर आडवं पडल्याशिवाय सौदा करू नका.

आमच्याकडं, आणि सांगलीकडं तर जास्तच, महापुराचा प्रश्न आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात किती गाड्या बुडाल्या याला गणती नाही, आणि त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून विकल्या गेल्या. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. गाळाची रेघ तिथं राहते, कारण तेवढा कोणी ओढून धूत नाही. सीट ज्यावर पुढं-मागं सरकते त्या पट्ट्यांखाली बोट घाला. हेडलाइटच्या आत बारीक माती बसली आहे का बघा.

इंजिन आणि चक्कर

इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. 'आत्ताच आणली, गरम आहे' असं सांगितलं तर चहा घ्या, दोन तास थांबा. ऑइलचं झाकण उघडून खाली साईसारखा पांढरट थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये जात असेल. मागून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगांचं काम आलं. एमपीएफआय गाडीत चावी फिरवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागून मग विझला पाहिजे. लागलाच नाही तर खुश होऊ नका, कोणीतरी बल्ब काढलाय.

मग चढावर न्या. आम्ही जोतिबाच्या डोंगरावर पाठवतो. वर पोचेपर्यंत पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर राहिला पाहिजे. क्लच सरकत असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी पुढं जात नाही. उतरताना मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. पुढून कट-कट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय. यातलं काहीही असलं तरी गाडी नाकारू नका, भाव पाडा. हे सगळं रॅकवर आहे.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात टायमिंग बेल्ट बदला. मागच्या मालकानं 'आत्ताच टाकलाय' सांगितलं तरी. सोबत टेन्शनर, कूलंट आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आपल्याच उसाचं म्हणा, पण जुन्या रबराला ते मानवत नाही. पाइप चिघळतो, झिरपतो, आणि इंजिनाशेजारी पेट्रोल झिरपणं ही चेष्टा नाही. बेल्ट, वॉटर पंप आणि ब्रेकचा कुठलाही भाग ओरिजिनलच घ्या. काच वर-खाली करायचं हँडल, दरवाज्याचं हँडल, टेल लॅम्प, मॅट हे लोकल चालतं, आणि तिथं ओरिजिनलचा हट्ट धरणाऱ्याला मीच परत पाठवते.

एअरबॅग नाही, एबीएस नाही, अंगात वजन नाही. गावात, तालुक्याला, शेतावर हिच्यासारखी गाडी नाही. पण पुण्याला हायवेनं रोजची ये-जा असेल तर पैसे साठवा आणि नवी काहीतरी घ्या. हे मी गिऱ्हाईक गमवायची तयारी ठेवून सांगते.

आणि पार्ट घ्यायला याल तेव्हा जुना पार्ट काढून पिशवीत घालून आणा, सोबत आरसीचा फोटो. १९९७ च्या आधीचा बंपर नंतरच्या गाडीला बसत नाही, आणि चार गिअर का पाच गिअर हे सांगितल्याशिवाय मी क्लचचा सेट काढत नाही. 'मारुतीचा क्लच बाजूला काढून ठेवा' असा फोन रोज येतो. कुठल्या मारुतीचा?