शत्रूचं विमान नकाशावर कसं गाठायचं : 1940ची ब्रिटिश पद्धत

1940च्या उन्हाळ्यात जर्मन बॉम्बर इंग्लंडवर येत होते, तेव्हा ब्रिटिश लढाऊ विमानदलाचे (फायटर कमांडचे) प्रमुख ह्यू डाउडिंग यांच्या यंत्रणेनं मोजकी लढाऊ विमानं गस्तीत झिजवली नाहीत. शत्रूची चाहूल लागली की मगच ती उडत. सगळी भिस्त होती मिनिटांच्या हिशेबावर. तो स्वतः करून पाहायला आग्नेय इंग्लंडचा नकाशा, कोनमापक, पट्टी आणि तीन रंगांचे कागदी बाण पुरतात.

आधी घड्याळ रंगवा. तबकडीचे पाच-पाच मिनिटांचे बारा भाग. लाल, पिवळा, निळा आळीपाळीनं. खबर येताना मिनिटकाटा ज्या रंगावर असेल, त्याच रंगाचा बाण नकाशावर ठेवा. 15 मिनिटांनी तोच रंग परत येतो, म्हणून जुना बाण त्याआधी उचला. राहिला तर शिळी खबर ताजी वाटते.

शेजारची दोन रडार केंद्रं एकच तुकडी थोड्या वेगळ्या जागी दाखवतात. दोन्ही खुणा तशाच ठेवल्या तर एका हल्ल्याचे दोन होतात. हा घोळ बेंटली प्रायरी या फायटर कमांडच्या मुख्यालयातली छाननी खोली निस्तरत असे. किनारा ओलांडला की ही रडारं निरुपयोगी, कारण त्यांची तोंडं समुद्राकडे. पुढचं काम ऑब्झर्व्हर कोअरच्या, म्हणजे जमिनीवरून विमानं टिपणाऱ्या निरीक्षकांच्या, डोळ्या-कानांवर. दाट ढगांत तेही अडायचं.

आता खरी आखणी. बॉम्बरचा वेग ताशी 180 मैल धरा, म्हणजे मिनिटाला 3 मैल. खबर 4 मिनिटं जुनी असेल तर बॉम्बरची खूण आधी 12 मैल पुढे सरकवा. मग बॉम्बर आणि आपली तुकडी रेषेनं जोडा. त्या रेषेशी बॉम्बरच्या मार्गाचा कोन 40 अंश असेल, तर आपल्या टोकाकडूनही त्याच बाजूला 40 अंशांची रेषा काढा. दोन्ही मार्ग मिळतात तिथे गाठ. हा शास्त्रज्ञ हेन्री टिझर्ड यांच्या नावाचा ‘टिझर्ड कोन’. समद्विभुज त्रिकोण, बस्स! पण तो दोघांचा वेग सारखा धरतो, आणि चढणारं विमान मंद असतं. 20,000 फुटांवर जायला स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाला सुमारे 13 मिनिटं लागत. तेवढ्यात बॉम्बर 39 मैल पुढे. म्हणून खात्री पटायची वाट पाहणं महागात पडतं.

रडारनं सांगितलेली उंची अनेकदा कमी निघे. सांगितलेल्यापेक्षा काही हजार फूट वर पाठवा, नाहीतर मेसरश्मिट ही जर्मन लढाऊ विमानं वरून झडप घालतात.

आपलीच विमानं कुठे आहेत हे रेडिओच्या ‘पिप-स्क्वीक’वरून कळे: दर मिनिटाला 14 सेकंद सूर, तीन केंद्रांवरून दिशा, छेदबिंदू म्हणजे जागा. वैमानिक तो चालू करायला विसरला की खालून विचारणा होई, “तुझा कोंबडा आरवतोय का?”