पावसाळी पाण्याच्या कामात नवीन येताय? मग खड्डा मे मध्ये नाही, जुलैत खणा

सिव्हिल झालंय, पावसाळी पाण्याच्या प्लॅनिंगमध्ये यायचंय, सुरुवात कुठून करू असं ज्युनियर पोरंपोरी सारखं विचारतात म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. मी नाशिकची, काम पण जास्त इथलंच, त्यामुळे उदाहरणं इथलीच येणार.

आधी दोन पूर वेगळे ओळखायला शिका. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, गोदावरी चढली आणि गावभर दुतोंड्या मारुतीच्या (गोदाकाठची मूर्ती, पुराची पातळी इथले लोक तिच्यावरून सांगतात) कमरेला पाणी लागलं का छातीला अशी विचारपूस सुरू झाली की तो नदीचा पूर, २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आला तसा. तो रेन गार्डनने (पावसाचं पाणी थोपवून जमिनीत मुरवणारा, झाडं लावलेला खोलगट वाफा) अडत नाही, तिथे धरणाचं नियोजन आणि पूररेषाच कामाची (निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या). आपलं काम दुसऱ्या पुराचं, म्हणजे तासभर धो धो पडतो, नदी शांत असते आणि तरी चौकात गुडघाभर पाणी तुंबतं. क्लायंटला हा फरक पहिल्याच मीटिंगला सांगा. दोन्ही एकत्र आले तर मात्र अवघड, कारण नदी चढली की पावसाळी गटाराचं तोंड पाण्याखाली जातं आणि पाणी उलटं गावात शिरतं, म्हणून वरच्या भागातच पाणी थोपवून धरणं एवढं महत्त्वाचं आहे.

गणित फार अवघड नाही. एक चौरस मीटरवर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, हे डोक्यात पक्कं बसू द्या. मग रॅशनल मेथड, म्हणजे जागेवरून जास्तीत जास्त किती पाणी वाहून येईल ते काढायची पद्धत: रनऑफ कोइफिशियंट (पडलेल्या पावसातला किती भाग वाहून जातो तो आकडा) गुणिले ताशी मिलीमीटर पाऊस गुणिले हेक्टर, भागिले ३६०, उत्तर घनमीटर प्रति सेकंद. एक हेक्टर काँक्रीट, कोइफिशियंट ०.९, ताशी ५० मिलीमीटर पाऊस धरला तर सेकंदाला १२५ लिटर पाणी येतं, तीच जागा माती-झाडांची असेल आणि ०.३ धरला तर साधारण ४२. पार्किंग, गच्च्या, रस्ते वाढत गेले आणि गटार तेवढंच राहिलं तर काय होणार ते या दोन आकड्यांतच दिसतं.

आता माझी चूक, कारण सगळ्यात जास्त शिकले ती याच्यातूनच. एका सोसायटीत रेन गार्डन करायचं होतं, मे महिन्यात फूटभर खड्डा खणला, पाणी ओतलं आणि बघता बघता गायब, मी खूश, जमीन मस्त पाणी पिते असं धरून डिझाइन केलं. जुलैत फोन आला, मॅडम चार दिवस झाले डबकं तसंच आहे, डास झालेत. झालं असं की ती काळी माती, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाणी त्या भेगांतून खाली जातं, पण दोन-चार पावसात ती फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी जवळपास जातच नाही. मी जमीन मोजलीच नव्हती, भेगा मोजल्या होत्या! नंतर मुरूम लागेपर्यंत काळी माती काढली, वाळू, माती आणि कंपोस्टचं मिश्रण भरलं, तळाशी खडीत भोकांचा पाइप टाकून तो पावसाळी गटाराला जोडला, कडेने वाळा आणि कर्दळ लावली. वाळा मुद्दाम, कारण तो पाण्यातही तगतो आणि नंतरचे कोरडे महिनेही काढतो. पुढच्या पावसाळ्यात पाणी दीड दिवसात उतरलं. दोन दिवसांच्या वर पाणी ठेवायचं नाही, डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभर लागतो, तेवढा वेळ त्याला मिळताच कामा नये.

म्हणून चाचणीचा खड्डा पावसाळ्यात खणा, नाहीच जमलं तर आदल्या दिवसापासून पाणी भरून माती पूर्ण भिजवा आणि मगच किती वेळात किती सेंटीमीटर उतरलं ते वहीत लिहा.

सॉफ्टवेअरबद्दल लोक उगाच घाबरतात. क्यूजीआयएस (नकाशांसाठी) आणि एसडब्ल्यूएमएम (पावसाळी पाण्याचं मॉडेल करायला) दोन्ही फुकट आहेत, केंद्राचं २०१९ चं पावसाळी गटारांचं मॅन्युअल पण वाचून काढा. पण त्याआधी रेनकोट घालून भर पावसात फिरा, दहीपुलाकडे उतार कसा येतो, सराफ बाजारात पाणी कुठल्या गल्लीतून शिरतं, कुठल्या ढाप्याची जाळी प्लास्टिकने बसलीय हे मॉडेल सांगत नाही. तिथल्या दुकानदाराला विचारा, काका पाणी आधी कुठून येतं, तो बोट करून दाखवतो आणि ते बहुतेक बरोबर निघतं.

आणि एस्टिमेटमध्ये देखभालीची ओळ वेगळी टाकाच, निदान तीन वर्षांची. झिरपणाऱ्या पेव्हरच्या फटीत गाळ बसला की तो साध्या फरशीसारखाच होतो, रेन गार्डनच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला की पाणी बाजूने रस्त्यावर निघून जातं. मी आता सोसायटीच्या माळ्याला सोबत बसवून जून सुरू व्हायच्या आधी एकदा आणि मग दर मोठ्या पावसानंतर काय काय काढायचं ते दाखवते, त्याच्या मोबाइलवर फोटो काढून ठेवते आणि त्या कामाचे त्याला वेगळे पैसे मिळतील असं सोसायटीकडून लिहून घेते.