जुना इंकजेट प्रिंटर अडकतोय? आत हात घालण्याआधी या चुका टाळा

पावसाळा लागला की गोव्यात जुने इंकजेट प्रिंटर रुसतात, आणि तेही चवथीच्या तोंडावर, पावत्या नि आरत्यांच्या प्रती काढायच्या असतात नेमके तेव्हाच. बऱ्याचदा आत काहीच मोडलेलं नसतं. मोडतं ते नंतर, आपण जोर लावल्यावर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कॅरेज ढकलणं. कार्ट्रिज घेऊन इकडून तिकडे पळणारा तो भाग प्रिंटर बंद असताना एका कडेला, बहुतेक उजवीकडे, लॉक होऊन बसलेला असतो, तो हलत नाही म्हणजे जाम झाला असं समजून लोक खेचतात आणि प्लास्टिकचा लॉक तुटतो. त्यापेक्षा प्रिंटर चालू करून झाकण उघडा, बऱ्याच मॉडेलमध्ये कॅरेज मधे येतं, तसंच असताना प्लग काढा. आता बोटाने हळूच सरकवा आणि अडेल तिथे टॉर्च मारा. कागदाचा कपटा, स्टेपलची पिन, पेनाचं टोपण, आणि आपल्याकडे मुंग्या नाहीतर पालसुद्धा निघते. काम झालं की प्लग लावून प्रिंटर पुन्हा चालू करा आणि त्याच्या बटणानेच बंद करा, नाहीतर हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, उघडं राहून सुकतं.

हाताने मोकळं सरकतंय पण चालू केलं की धाडकन कडेला आपटतं? मग लगेच मोटरवर संशय नको. कॅरेजच्या मागून एक पारदर्शक पातळ पट्टी आडवी गेलेली असते, तिच्यावर अगदी बारीक रेघा असतात आणि सेन्सर त्या मोजूनच कॅरेज कुठे पोचलं ते ओळखतो. पट्टीवर शाई किंवा ग्रीसचा डाग पडला की त्याचा हिशोब चुकतो. चष्म्याचं फडकं पाण्याने किंचित ओलं करून हलक्या हाताने पुसा, थिनर लावलात तर रेघाच जातील. पट्टी कॅरेजच्या खाचेतून निसटली असेल तर परत खाचेत घाला, टोकाचा स्प्रिंग मात्र ताणू नका.

आवाज आला की तेल, हा आपला राष्ट्रीय उपाय! गंज सोडवायचा स्प्रे मारला तर तो उडून नेमका त्या पट्टीवर बसतो, आणि खोबरेल तर विसराच, धूळ धरून चिकट होतं. कॅरेज जिच्यावरून सरकतं ती दांडी कोरड्या फडक्याने पुसा, फारच कोरडी वाटली तर शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब कापडावर घेऊन फिरवा, बस्स.

कागद उचलत नाही किंवा दोन-तीन एकदम ओढतो, तर आधी कागदच बघा. पावसात उघड्या ट्रेमधे पडलेला कागद दमट होतो, कडा वळतात, पानं एकमेकांना चिकटतात. रीम प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, लागतील तेवढीच पानं काढा, पंख्यासारखी मोकळी करा. तरीही घसरत असेल तर रबरी रोलर गुळगुळीत झालाय, ओल्या फडक्याने फिरवून फिरवून पुसा, पेट्रोल नको, रबर जातं. अडकलेला कागद दोन्ही हातांनी, जमेल तेवढं तो ज्या दिशेने जातो त्याच दिशेने काढायचा. उलटा हिसका दिला तर फाटतो, तुकडा आत राहतो आणि गिअरलाही झटका बसतो.

आणि वेस्ट इंक पॅड, म्हणजे वाया जाणारी शाई शोषून घेणारा आतला स्पंजसारखा थर, भरल्याचा मेसेज हा जाम नव्हे. पॅड किती भरलं ते मोजणारा काउंटर सॉफ्टवेअरने रिसेट करून मोकळं होणारे असतात, पण पॅड न बदलता तसंच चालवत राहिलं तर एक दिवस टेबलावर शाई.

सगळं साफ केलं तरी ठराविक अंतराने कट-कट येतच असेल तर गिअरचा दात गेलाय किंवा दातांत काहीतरी अडकलंय. दात गेला असेल तर फेव्हिक्विक लावत बसू नका, टिकत नाही. म्हापसा, फोंडा, मडगाव, जिथे रिपेअरिंगला द्याल तिथे आधी मजुरी विचारा, आणि त्याच मॉडेलचा मेलेला प्रिंटर पडलाय का तेही विचारा, गिअर त्यातूनच मिळण्याचा चान्स जास्त.